गजभियेबाबूंची बंदरं

दवाखान्यात खाटेवर उशीला टेकून बसले होते गजभियेबाबू. मी नेलेला खजूर त्यांनी हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि डोळे बारीक करून विचारलं, "सांग वं नलूबाई, हा कोणत्या बंदरातून आला?" मी म्हटलं, "मुंबई." झालं! त्या आजारी माणसाच्या अंगात वीस वर्षांच्या पोराचं वारं शिरलं. "चूक! खजूर म्हटला का लोक डोळे मिटून मुंबई म्हणतात. कांडल्याहून बी येऊ शकते ना! विचारलं होतं का दुकानदाराले? नाही ना? मग?" शेजारच्या खाटेवरचा पेशंट घाबरून नर्सला हाका मारू लागला. नर्स आली, मला रागावली, भेटीची वेळ संपली म्हणून बाहेर काढलं. दारातून मी ओरडले, "विचारून येते!" आणि इतवारीत दुकानदाराकडे जाऊन खरंच विचारलं. खजूर कांडल्याचा निघाला! दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटलं की हे सांगायला धावायचं ठरवलं होतं. पण दुपारीच त्यांच्या शेजारचे गृहस्थ सदरला आमच्या ऑफिसात आले... आणि कांडल्याची बातमी माझ्याजवळच राहिली.

बाबू गेले त्याला महिना होऊन गेला. आज लिहायला बसले आहे, कारण एक गोष्ट चौदा-पंधरा वर्षं माझ्या पोटात आहे आणि आता ती चारचौघांत सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पण आधी गजभियेबाबू कोण ते सांगते. आमची कंपनी मँगनीजची. नागपूरच्या आसपासच्या खाणींतून निघालेला काळा दगड रेल्वेच्या वॅगनींत भरायचा, बंदरावर पाठवायचा, तिथून तो जहाजानं परदेशी जायचा. हा माल रवाना करणारे कारकून म्हणजे गजभियेबाबू. राहायला नागपुरातच, इंदोऱ्याला. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा तिशी ओलांडलेले होते. मी सदुसष्ट-अडुसष्टच्या सुमारास टायपिस्ट म्हणून लागले, तीही टेंपररी. वडील गेलेले, मागे आई आणि दोन शिकणारे भाऊ. पहिल्याच दिवशी या माणसानं माझं नाव-गाव विचारायच्या आधी विचारलं, "बंदरं किती येतात तुले?" मी शाळेतल्यासारखी हात बांधून म्हणाले, मुंबई, मद्रास, कलकत्ता... आणि अडकले. "बस्स? अन् कोचीन कोणाच्या भरवशावर सोडलं? मुरगाव? पारादीप? आपलं विझाग?" विझाग म्हणजे विशाखापट्टणम, आमचा दगड तिथूनच जायचा.

त्यांच्या टेबलामागं भारताचा नकाशा होता. नागपूरवर एक खिळा आणि त्या खिळ्यापासून प्रत्येक बंदरापर्यंत ताणलेला लोकरीचा धागा. लोकर बाबूंच्या पत्नी सुभद्राकाकूंच्या विणकामातली, त्यामुळं मुंबई गुलाबी आणि कलकत्ता पोपटी! कोणीही आलं की बाबू पट्टी घेऊन उभे. पारादीपहून लोखंडाचा दगड जाते, मुरगावहून बी तेच. कोचीनहून मिरे अन् काजू. कलकत्त्याहून चहा अन् ताग. कांडल्याले बाहेरचा गहू उतरते, तो तुमच्या रेशनच्या पिशवीत येते, समजलं का? सुएझचा कालवा बंद पडला तेव्हा तर घरात कोणी आजारी पडल्यासारखे आठ दिवस अस्वस्थ होते. "आता युरोपाचा माल आख्ख्या आफ्रिकेले वळसा घालून जाऊन राहिला गा!" चपराशालाही सांगत. आम्ही चिडवायचो, "बाबू, नागपूरला बसून कसला समुद्र घेऊन बसलात?" ते म्हणायचे, "ज्याच्या दारात समुद्र आहे त्याचा तो एकच. आपण मधोमध बसलो, आपले सारेच!" एवढं सगळं बोलणाऱ्या या माणसानं समुद्र मात्र पाहिलेला नव्हता. बंदरावर जायचे ते साहेब लोक. कारकुनाचं काम सायडिंगला, म्हणजे वॅगनी भरायच्या रुळांपाशी, संपतं. "एकदा आपला दगड जहाजात चढताना पाहाचा आहे," असं ते दर दोन-चार दिवसांनी म्हणायचे आणि आम्ही हो हो करायचो.

आता चुकीकडे येते. आमच्याकडे मालाच्या दोन प्रती, उंची आणि हलकी. वॅगनीवर जे पुठ्ठ्याचं लेबल लागायचं त्यावर उंची मालासाठी लाल पेन्सिलीची रेघ, हलक्या मालाचं लेबल कोरं. ही युक्ती बाबूंचीच. आमचे हमाल छत्तीसगढी बोलणारे, बंदरावरचे तेलुगू. अक्षर सगळ्यांना येत नाही, लाल रेघ सगळ्यांना कळते. सत्तर-एकाहत्तरची गोष्ट असेल. दसऱ्याला बाबू दरवर्षी दोन दिवस रजा घेत, दीक्षाभूमीवर येणाऱ्या लोकांना पाणी वाटायला. जाताना लेबलांचं काम मला सांगून गेले. मी लेबलं केली, रेघा मारल्या, सगळं चोख. आणि मग आली खांडेनवमी! ऑफिसात पूजा. माझा टाइपरायटर, हमालांची फावडी, वजनकाटा, सगळ्यांना झेंडू. माझ्या उत्साहाला तर काय, ऊतच आलेला. म्हटलं, लेबलं हीसुद्धा आपली हत्यारंच, त्यांना कशाला उपाशी ठेवा? पत्त्यांसारखी पसरली आणि मूठभर कुंकू उधळलं. वरून चपराशानं भक्तिभावानं तीर्थ शिंपडलं. संध्याकाळी जमादार ती वाळलेली लेबलं घेऊन गेला. त्याला सगळीच लाल दिसली. त्याला वाटलं, या खेपेला सगळ्यांनाच लाल लावायची. जी हाती आली ती लेबलं त्यानं वॅगनींना लावली, दसऱ्याच्या सकाळी इंजिन येऊन गाडी घेऊन गेलं, आणि जमादार सोनं वाटायला भंडाऱ्याकडे आपल्या गावी!

रजेवरून आल्यावर बाबूंना माझ्या टेबलावर एक उरलेलं लेबल दिसलं. "काहून वं, हे असं लाल कायनं झालं?" मी मोठ्या कौतुकानं सांगितलं. ते खुर्चीत बसले. "साऱ्याच लेबलांवर टाकलं?" मी हो म्हटलं. जपानच्या गिऱ्हाइकानं एकाच उंची प्रतीचा माल मागितला होता. जहाज दोन-तीन दिवसांत विझागला लागणार होतं. हलका माल त्यात मिसळला की आख्खं जहाज नाकारलं जाणार. कोणत्या वॅगनीत काय भरलंय ते फक्त जमादाराच्या डोक्यात, आणि तो अजून गावाहून परतलेला नव्हता. टेंपररी टायपिस्टचं काय होणार हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी रडायला लागले. बाबू म्हणाले, "रडून काही वॅगन थांबत नाही. मालगाडी रस्त्यात चार ठिकाणी पडून राहते, आपण पॅसेंजरनं तिच्याआधी पोचतो. दगड मी हातानं ओळखतो." साहेबांनी बंदरावर तार केली आणि बाबूंना जायला सांगितलं. "खुणा कराले संगं माणूस लागते," म्हणून बाबूंनी माझं नाव घातलं. आई मला परक्या माणसाबरोबर पाठवणार कशी? तर काकू तयार! "मी बी येतो. एवढी वर्षं माही लोकर त्या समुद्राले जाऊन राहिली, मी काहून नाही?" दशम्यांचा डबा, पाण्याचा फिरकीचा तांब्या आणि आम्ही तिघं. रायपूरला गाडी बदलली. वाटेत बाबू खिडकीतून प्रत्येक उभ्या मालगाडीकडे वाकून पाहत होते आणि काकू त्यांचा सदरा मागून धरून बसल्या होत्या.

बंदरात शिरलो तर आमच्या वॅगनी धक्क्याला लागलेल्या! तार पोचली होती की नाही देव जाणे. हमाल पहिल्या वॅगनीचं दार उघडायच्या बेतात. बाबू धोतर आवरून पळत सुटले, "थांबा गा! थांबा!" त्या तेलुगू लोकांना काय कळलं असेल? पण नागपुरी ओरडणं कोणत्याही भाषेत ओरडणंच असतं. ते थांबले. मुकादमाला मोडकंतोडकं हिंदी येत होतं, त्याला सांगितलं. मग बाबू एकेका वॅगनीवर चढले. दगड उचलायचा, तळहातावर तोलायचा, दुसऱ्या दगडावर आपटून फोडायचा, आतला रंग पाहायचा आणि खाली हाक द्यायची, "हा चालते!" की मी खडूनं फुली मारायची. "हा नाही चालत!" की गोल. चार-पाच वॅगनींत हमालांना गंमत कळली. बाबूंनी दगड उचलला की ते सगळे श्वास रोखून वर पाहत आणि हाक आली की पन्नास गळ्यांनी तीच हाक परत, "चालते!" "नाय चालत!" बाबूंचे हात, तोंड, सदरा काळा ठिक्कर. मी हसत होते की रडत होते, मलाच कळत नव्हतं. दुपार टळेपर्यंत शेवटच्या वॅगनीवर फुली पडली. एकही चुकली नाही! हमालांनी बाबूंना खांद्यावरच घ्यायचं बाकी ठेवलं.

काकू इतका वेळ वळकटीवर डबा घेऊन बसल्या होत्या. त्या उठून जवळ आल्या. "अवो," त्या म्हणाल्या, "सकाळपासून समुद्राले पाठ करून आहा. मागं तं पाहा." आणि बाबू वळले... क्रेननं आमचा दगड उचलला होता, वर नेला, जहाजाच्या पोटात रिकामा केला. केवढा आवाज झाला! पलीकडे डोंगराच्या कडेनं पाणी बाहेर खुल्या समुद्राला जाऊन मिळत होतं. बाबूंनी काळे हात धोतराला पुसले. मग म्हणाले, "आपला दगड पाण्यावर तरंगून राहिला वं, सुभद्रे!" आणि लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मुकादमानंही वाजवल्या. आयुष्यात मी एवढी खूश कधी झाले नाही, लग्नातसुद्धा नाही.

परत आल्यावर साहेबांनी लेखी खुलासा मागितला. बाबूंनी मजकूर सांगितला आणि मी टाइप केला : लेबलांची जबाबदारी माझी होती, रजेवर जाण्यापूर्वी मी ती पुरी केली नाही, चूक सर्वस्वी माझी आहे. माझे हात थांबले. "टाइप कर," ते म्हणाले. "तू टेंपररी हायेस. माही नोकरी पक्की, मले कोण काढते?" मी टाइप केलं. त्यांच्या सर्व्हिस बुकात शेरा पडला. सहा महिन्यांनी मी पर्मनंट झाले, पेढे वाटले. पुढं तीन-चार वर्षांनी कंपनीनं विझागला स्वतःचं ऑफिस काढलं. तिथं जायचा हक्क कोणाचा होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण तो शेरा आडवा आला आणि त्यांच्यापेक्षा ज्युनिअर माणसाची निवड झाली. ती ऑर्डर मीच टाइप केली. तेव्हाही साहेबांच्या खोलीत जाऊन खरं सांगायला मला जमलं नाही. भ्याले, दुसरं काय! बाबू माझ्या टेबलाशी आले, कागदावर नजर टाकली आणि म्हणाले, "बंदराचं नाव नीट टाइप कर. आपलं बंदर आहे ते." रिटायर होईपर्यंत ते सायडिंगलाच राहिले. मी आज त्याच ऑफिसात हेडक्लार्क आहे.

गेल्या रविवारी इंदोऱ्याला काकूंकडे गेले. रिटायर होताना बाबूंनी नकाशा घरी नेला होता, तो भिंतीवर आहे. लोकरीचे धागे विटले आहेत, कलकत्त्याचा तर सुटून लोंबतो आहे. आणि नागपूरच्या खिळ्याला ते एक लेबल अडकवलेलं. माझ्या टेबलावर उरलेलं तेच. काकूंनी लवंग घातलेला चहा दिला. मी कपाला हात लावला नाही. म्हटलं, "काकू, ती चूक माझी होती. बाबूंनी स्वतःवर घेतली आणि मी घेऊ दिली."

काकूंनी कप माझ्याकडे सरकवला. "मले सांगून राहिली का? मी तं संगं होतो. येताना गाडीत तू झोपली तवाच हे मले म्हणले होते, का पोरीचं नाव येऊ देत नाही म्हणून." मग भिंतीकडे बघत म्हणाल्या, "अन् तुहा हात चुकला नसता तं आम्ही दोघं समुद्र कवा पाह्यलो असतो वं?"

लेबल घरी घेऊन जा म्हणाल्या. मी खिळ्यावरून काढलं, हातात धरलं आणि परत तिथंच लावलं. इतक्या वर्षांत कुंकू बरंचसं उडालं आहे, पण थोडं माझ्या बोटाला लागलं. सुटलेला पोपटी धागा मी कलकत्त्याला पुन्हा बांधून दिला. मग चहाचा घोट घेतला, त्यातली लवंग दाताखाली आली आणि तोंडून निघून गेलं, "ही कोणत्या बंदरातून आली असेल हो?" काकू म्हणाल्या, "विचार दुकानदाराले."

इतवारीत विचारून आले आहे. मुंबईची आहे, बाबू.