क्षणाचा वेग

"अहो बाई, आज येऊ नका. हे गेले."

सुमतीवहिनींचा फोन एवढाच. 'हे' म्हणजे आमचे देवस्थळी सर. शनिवारची सकाळ होती, मी चपला घालून पर्स शोधत होते. मी "बरं" म्हणाले. बरं! तीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईला ऐन वेळी तेवढा एकच शब्द सापडावा... मग तशीच रिक्षा करून कर्वेनगरहून कोथरूड गाठलं. त्याला आता दीड महिना झाला.

देवस्थळी सर आमच्या शाळेत गणित शिकवायचे आणि मी मराठी. शिक्षकांच्या खोलीत आमची टेबलं शेजारी-शेजारी, त्यामुळे भांडणं रोजची. मी म्हणायची, तुमच्या विषयानं पोरांची झोप उडवलीय. ते शांतपणे म्हणायचे, "म्हणून तर ती तुमच्या तासाला भरून काढतात." दोघंही निवृत्त झालो तेव्हा वाटलं, सुटलो एकमेकांच्या तावडीतून. कसलं काय! सहा वर्षांपूर्वी त्यांनी मला घरी बोलावलं आणि जाहीर केलं, की ते पुस्तक लिहिताहेत. गणिताच्या सगळ्या शाखांमधल्या मुख्य कल्पना, एका पानात एक, सूत्रं न वापरता. आणि तेही शाळा सुटल्यावर गणिताकडे ढुंकूनही न पाहिलेल्या माणसासाठी. "मग यात माझं काय काम?" मी विचारलं. "मॅट्रिकला गणितात किती होते तुम्हाला?" "छत्तीस." "हेच काम."

तेव्हापासून दर शनिवारी आमची बैठक. नियम कडक. सरांनी पान वाचायचं, मी ऐकायचं, आणि मग ते माझ्या शब्दांत त्यांना परत समजावून सांगायचं. जमलं तर पान फायलीत, अडखळले तर टराटरा फाडून टोपलीत. "समजलं" या शब्दावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. वर्गात साठ पोरं एका सुरात तो म्हणतात, असं त्यांचं म्हणणं. ऋण संख्यांचं पान माझ्यापायी तीनदा फाटलं. सममितीसाठी त्यांनी फरशीवर खडूनं रांगोळी काढली आणि मला तिच्याभोवती पाव-पाव फेरी मारायला लावली. संभाव्यता आली तेव्हा मी खूश होऊन सांगितलं, की आमची बस येईल की नाही, याचं मला आता सगळं कळलं. सिद्धतेवरून तर कडाक्याचं वाजलं. "हजार उदाहरणं दिली म्हणजे सिद्ध होत नाही, बाई. ते तुमच्या समीक्षेत चालतं." आणि ताणलं-दाबलं तरी आकाराचं काय टिकतं, हे शोधणारी शाखा आली त्या दिवशी वहिनींनी मेदूवडे केले होते. सर एका हातात वडा आणि दुसऱ्या हातात कप धरून म्हणाले, "हे दोन्ही एकच. दोघांना भोक एकेक, कपाचं त्याच्या कानात." आतून वहिनींचा आवाज आला, "मग सांबार कशात वाढू तेवढं सांगा." आम्ही खो खो हसलो आणि पुढचं पान घेतलं. आयुष्यभर गणिताला घाबरले मी, पण त्या शनिवारांइतकं सुख मला निवृत्तीनंतर कशानंच दिलं नाही.

शेवटी एकच पान उरलं, क्षणाचा वेग. गाडी तासात किती जाते, मिनिटात किती, ते ठीक. पण एका क्षणात? "अहो, क्षणात ती हलतच नाही, मग वेग कुठला?" मी अडून बसले. त्यांनी पान दोनदा फाडून पुन्हा लिहिलं. तोवर त्यांचं हृदय थकलं होतं. तिसऱ्यांदा त्यांनी ते पलंगावर पडून वाचलं, ओळी-ओळीला धापा टाकत. मग विचारलं, "समजलं?" मला काही म्हणजे काही समजलं नव्हतं. पण तो श्वास पाहवेना. "समजलं," मी म्हणाले. आता सांगायला लावतील अशी भीती होती. ते फक्त "छान" म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. तीच आमची शेवटची भेट.

तेरावा झाल्यावर वहिनींनी फाइल माझ्या हातात दिली. प्रकाशक थांबला होता. एक पान त्यात खोटेपणानं शिरलंय, हे मला एकटीलाच ठाऊक. तसंच छापू द्यायचं की सांगून टाकायचं? तिथंच बसून मी शेवटचं पान काढलं. खाली पेन्सिलीनं, थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं : 'बाईंना कळलेलं नाही. उगाच हो म्हणाल्या. पुन्हा लिहिणे.'

मी ढसाढसा रडले. आता कोण लिहिणार होतं पुन्हा?

वहिनी हात पुसत बाहेर आल्या. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी पान वाचलं आणि म्हणाल्या, "एवढंच ना? दूध तापतंय असं समजा. या क्षणी ते किती वेगानं वर येतंय, ते त्या क्षणाकडे बघून कळायचं नाही, तिथं ते थांबलेलंच दिसणार. म्हणून आधी दहा सेकंदांतला वेग काढायचा, मग पाच, मग एक, मग त्याहून कमी. वेळ शून्य करायचाच नाही, नुसतं शून्याजवळ सरकत राहायचं. उत्तर बदलायचं कमी-कमी होतं आणि एका आकड्याशी येऊन ठरतं. तो त्या क्षणाचा वेग."

"वहिनी, तुम्हाला हे..."

"सहा वर्षं ओट्यापाशी उभी राहून ऐकतेय की. बरीचशी पानं मला पहिल्याच वेळी कळायची." पान नीट फायलीत ठेवत त्या म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नाही."

आवाजात राग नव्हता, हेच जास्त लागलं. सरांचं सोडा, त्यांच्या हातचा चहा पीत सहा वर्षं मी तिथं बसले होते, मीही नाही विचारलं. लाज वाटली मला. मग नियमाप्रमाणे सगळं त्यांना परत सांगितलं. एका ठिकाणी चुकले, तिथं त्यांनी धरलं. पान आता त्यांच्या शब्दांत लिहिलंय.

गेले तीन शनिवार सरांच्या खुर्चीत वहिनी बसतात. पहिल्या पानापासून सगळी फाइल त्या तपासून घेताहेत. चहा मी करते.