आमच्या बोळातून गेलेली प्रभागाची हद्द

मंडळी, दुपारपासून डोकं सुन्न झालंय, म्हणून लिहिते.

महापालिकेच्या निवडणुकीसाठी प्रभाग नव्याने पाडले, हे तुम्हाला माहीतच आहे. नवी हद्द भवानी पेठेतल्या आमच्या बोळाच्या मधोमध गेलीय. आम्ही एका प्रभागात, समोरच्या लक्ष्मक्का दुसऱ्यात. कालपर्यंत आम्ही दोघी त्यावर हसत होतो की!

आज नळाला पाणी आलंच नाही. निवडणुकीला उभं राहणाऱ्या एका भाऊंनी टँकर पाठवला. आमच्या बोळाची रीत अशी, की पाइप हातात आला की आधी समोरच्या घरचा हंडा भरायचा, मग आपला. मी सवयीने पाइप घेऊन पलीकडे निघाले, तर टँकरसोबतच्या कार्यकर्त्याने तो ओढूनच घेतला.

"काकू, तिकडं न्हाय. ती बाजू आता आपल्या प्रभागात येत न्हाय."

मला वाटलं, आमच्या बाजूच्या बायका त्याला झापतील. त्या म्हणाल्या, "बरोबर हाय की, आधी आपलं भरू दे."

याच बायका परवा लक्ष्मक्कांच्या सुनेच्या डोहाळजेवणाला पोटभर जेवल्या होत्या!

मी माझी भरलेली घागर उचलून लक्ष्मक्कांच्या दारात नेली. त्यांनी आधी टँकरकडे पाहिलं, मग हळूच विचारलं, "तुमच्या प्रभागाचं पाणी आमी घेतलं तर चालंल का?"

चेष्टा करतायत असं वाटून मी हसायला गेले. त्या हसत नव्हत्या.

सांगा, काय उत्तर द्यायचं होतं मी?