मॉडेलबाहेरची गोणी

“आकडा कुठून आला?” असं विचारताना आमचे अहवाल तपासणारे सर चष्मा कपाळावर ढकलायचे आणि समोरच्याकडे न बघता भिंतीकडे बघायचे. प्रश्न आपल्याला आहे की भिंतीला, हे कळायला नव्या माणसाला आठवडा लागे. अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. त्यांचा वैताग येतो, आणि ती रजेवर गेली की काम अडतं.

आमचं ऑफिस खांदा कॉलनीत, एका मेडिकलच्या दुकानावर. पाच टेबलं, एक चांगला कॉम्प्युटर आणि चार रडके. रंगात, मलमात, कापडात हल्ली केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी बारीक कणांची पूड घालतात, नॅनो म्हणतात ती. ती माणसाला बाधेल का, हे दर वेळी उंदरांवर तपासण्याऐवजी आम्ही कॉम्प्युटरला विचारतो. आधी तपासलेल्या पुडींची माहिती त्याला दिलेली असते. नव्या पुडीच्या कणाचा आकार, वरचा लेप, ती किती तास नाकात जाणार, एवढं भरलं की पडद्यावर हिरवा, पिवळा किंवा लाल रंग येतो. हे आमचं मॉडेल. दिवसभर तक्ते भरून डोळे जातात, आणि आपण काय केलं हे संध्याकाळी घरी सांगताही येत नाही.

सरांचा प्रश्न घरीही चाले म्हणे. पुतणीच्या लग्नात व्याही म्हणाले, तीनशे पान उठेल. सरांनी चष्मा वर केला. सरांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, त्यांना तसंच उचलून पंगतीत नेऊन बसवलं, “नाहीतर सोयरीक मोडली असती,” असं त्या हसत सांगायच्या.

तीन वर्षांपूर्वी पळस्प्याच्या पुढच्या एका रंगाच्या कारखान्याचं काम आलं. महिनाभर खपल्यावर निकाल हिरवा आला. मी पेढे आणायला उठलेच होते.

“कामगाराच्या नाकात किती जाते, तो आकडा कुठून आला?”

“कारखान्यानंच दिलाय, सर. आठ तास, मास्क लावून.”

“कुणी बघितलंय?”

कुणीच बघितलं नव्हतं. सर रिक्षा करून निघाले आणि मलाही ओढत घेऊन गेले.

तिथे जवळच्या गावातला एक कामगार पिंपात पूड ओतत होता. तोंडाला मास्क होता, हातमोजे होते, सगळं तक्त्याप्रमाणे. गोणी रिकामी झाल्यावर त्यानं तिची नीट घडी केली आणि आपल्या डब्याच्या पिशवीशेजारी ठेवली.

“ही कुठे जाते?” सरांनी विचारलं.

“घरी नेतो, सायेब. जाड हाय ना, आंथरायला बरी. सगलेच नेतात.”

“धुता?”

“बायको झटकते अंगनात.”

परतताना सरांनी रिक्षात चष्मा कपाळावर ढकलला. “अगं, आपल्या मॉडेलला घरच नाही,” म्हणाले. मॉडेल चुकलं नव्हतं. कारखान्यातल्या आठ तासांपुरतं ते बरोबर होतं. अंगण भरायला त्यात रकानाच नव्हता, आणि मला तो हवा असं कधी वाटलंही नव्हतं.

सरांनी अहवालात एक ओळ घातली: रिकाम्या गोण्या बाहेर जाऊ देऊ नयेत, घरच्या वापराला हा निकाल लागू नाही. कारखान्याला ती ओळ नको होती. आमचे बॉस म्हणाले, “सर, त्यांनी विचारलंय तेवढंच सांगू.” सरांनी सही केली नाही. फाईल माझ्या टेबलावर आली, ओळ काढलेली. मी स्वतः ती गोणी पाहिली होती. पण मी दमले होते, त्या फाईलचं तोंड बघायची इच्छा नव्हती. मी सही केली. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

सर त्याच महिन्यात नोकरी सोडून गेले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढे वहिनींकडून कळलं की ते रविवारी त्या गावात जातात. ताडपत्री देतात आणि तिच्या बदल्यात गोण्या घेऊन येतात. गेल्या माघात सर झोपेतच गेले.

परवा दुसऱ्या कामासाठी त्या कारखान्यात गेले. त्या कामगारानं मला ओळखलं. त्याच्या शेजारी गोणीची घडी होती.

“सायेब नको म्हनायचे,” तो म्हणाला. “पन ते यायचे बंद झाले, आनि सुपरवायझरनं कागद दाखवला. पूड चांगली हाय लिवलंय, खाली सही हाय. म्हनून परत नेतो. मॅडम, खरं कोन? सायेब का कागद?”

“साहेब.”

“मंग त्यांनाच पाठवा ना येकदा. बायको माजं आयकत नाय.”

सर गेल्याचं मी त्याला सांगितलं. पाळी संपल्यावर मी त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेले.

अंगणात चार गोण्या पसरल्या होत्या आणि त्यांच्यावर बारीक कोळंबीसारखा जवळा वाळत घातला होता. मी त्याच्या बायकोला सांगितलं, कागदावरची सही माझी आहे, आणि माहीत असून मी ती केली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खाली बसून जवळा गोळा करायला लागले. ती आतून टोपली घेऊन आली आणि माझ्यासमोर बसली. शिकलेल्या माणसाला विचारावं तसं तिनं मला विचारलं, “मंग येवढे दिस पोरांनी खाल्ला त्याचं काय, बाय?”