गुलाबाच्या बुडाशी गाठी

मारुतरावांच्या लेखी चाकणजवळचं त्यांचं सगळं गाव बावळटांनी भरलेलं होतं. कंपनीत जाणारे गुलाम, पॉलीहाऊस टाकणारी नवी पोरं हौशेगवशे, फवारे मारत बसणारे बिनडोक. शहाणे काय ते हे एकटेच! गुलाबाची छाटणी करावी तर मारुतरावांनीच, असं लोक म्हणायचे, आणि ते ऐकायची यांना चटक लागली होती. कात्री घेऊन गावभराच्या पॉलीहाऊसमध्ये मिरवायचे.

लेक वर्षाली तळवड्याच्या एका लॅबमध्ये होती. मातीतल्या जिवाणूकडून झाडात हवा तो जीन घालून घ्यायचा, हे तिचं काम.

"म्हंजी झाडाला रोग लावायचा पगार घेतीस," म्हणून मारुतराव पचकन थुंकायचे.

यंदा त्यांच्याच गुलाबांच्या बुडाशी ओबडधोबड गाठी आल्या, फुलं खुरटली. वर्षालीनं एक गाठ चिरून पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"आप्पा, हा तोच जिवाणू. जखमेतून शिरतो आणि स्वतःच्या जीनचा तुकडा झाडात घुसवतो. मग झाड त्याच्यासाठी गाठ वाढवतं, त्याला खायला घालतं. लॅबमध्ये आम्ही त्याचे गाठ आणणारे जीन काढून त्याजागी आपल्याला हवा तो ठेवतो. जिवाणू मुकाट्यानं तोही झाडात पोचवतो."

"औषिद सांग, कीर्तन नगं."

"औषध नाही. झाडं उपटून जाळायची. आणि दर झाडाला कात्री स्पिरिटमध्ये बुडवायची. जखम तीच करते, रोगही तीच नेते."

"माझ्या हाताला इटाळ हाय व्हय गं? तुझ्याच लॅबचा किडा तुझ्या कापडावरनं आला!"

"लॅबमधल्याला गाठी आणताच येत नाहीत, आप्पा!"

ऐकतो कोण? पोरीनं बापाची बाग घालवली, असं त्यांनी पारावर चारचौघांत सांगितलं. लाज कशाशी खातात ते ठाऊक असेल तर ना! आणि तीच कात्री घेऊन दोस्त सोपानरावांच्या गुलाबांची छाटणी करून आले.

काही महिन्यांनी सोपानरावांच्या गुलाबांनाही गाठी धरल्या. तिथं वर्षालीनं कधी पाऊलही टाकलं नव्हतं. सोपानरावांनी तिला बोलावून घेतलं, तर मारुतराव पुढं पुढं करत आधीच दारात हजर.

"ये पोरी, आत ये," सोपानराव म्हणाले. मग जुन्या दोस्ताच्या छातीवर हात ठेवून त्यांनी त्याला अडवलं. "मारुती, तू भाईरच थांब. आन् कशाला हात लावू नगंस."