जांभळी खूण

काल नातवाच्या खरचटलेल्या गुडघ्याला जांभळं औषध लावलं. बोटाला लागलेला रंग धुताना मला एकदम पिंगळीचं स्टेशन आठवलं.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मेंढरं राखणारा माझा बा मुंबईहून परत आला होता. गालातला कॅन्सर गळ्यापर्यंत पसरला म्हणून तिथं त्याला विजेचा शेक दिला होता. गाडीतून उतरला तेव्हा त्याच्या गालावर, मानेवर शेकाची जागा दाखवायला डॉक्टरांनी मारलेल्या जांभळ्या रेघा होत्या. आईनं तोंड धुवायला तांब्या पुढं केला, तर त्यानं हात आडवा धरला.

"पानी नगं. डाक्टर म्हनले, खुना आत्ताच धुवायच्या न्हाईत."

खुणा म्हणताच आई रडायलाच लागली. खाटकाला द्यायच्या मेंढराला आम्ही रंगाची खूण करायचो.

बाचा आवाज पार बसला होता, तरी तो हसला. "येडे, इकायच्या मेंढराला तांबडी खून. जांभळी दवा आपून कोनाला लावतो?"

आईनं पदरानं डोळे पुसले. "ज्याला जगवायचं आसतंय त्याला," म्हणाली, आणि तिनं त्याचे नुसते पाय धुतले.

तेव्हा वाटलं, बा आईची समजूत घालायलाय. आता वाटतं, त्याला स्वतःलाच ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं. पुढं माझ्या लेकाला खांद्यावर घेऊन तो कळपामागं लय हिंडला.