चाकावरची तांबडी रेघ

विमानाला केवढे टायर लावायचे यावरून आमच्या शेडमध्ये दोन म्हातारे बरेच दिवस एकमेकांशी धड बोलत नव्हते. एक आमचे कॅप्टन, मूळ नागपूरचे, सगळी उमर विमान उडवण्यात गेलेली. दुसरे काका, कुडाळजवळच्या एका खेड्यातले, चाकं आणि ब्रेक बघणारे. आणि मध्ये मी, इंजिनाचा मेकॅनिक, पुण्याचा, डोक्याने तापट. दोघांचे निरोप दोघांना पोचवता पोचवता मला वीट आला होता.

आमची कंपनी ओमानच्या आतल्या वाळवंटात जमिनीखालचं पाणी शोधायची. एकच छोटं विमान होतं. ते रोज सामान आणि माणसं घेऊन कॅम्पवर जायचं आणि तिथे धावपट्टी म्हणजे काय, तर दगड वेचून काढलेली माती. एका टोकाला वाडी, म्हणजे कोरड्या नदीचं खोल पात्र. विमानासोबत आलेली चाकं बारकी. ती दगडाला अडखळायची, मऊ जमिनीत रुतायची. एकदा पुढचा पंखा जमिनीला लागता लागता राहिला. तेव्हा कॅप्टननी मोठे, फुगीर, कमी हवेचे टायर मागवायचे ठरवले.

"सायबानु, बकऱ्येक हत्तीचे पाय लावूक निघालात," काका म्हणाले.

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. टायर मोठा झाला की ब्रेक कमी पडतो. वजन वाढतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हवा कमी असली की ब्रेक मारल्यावर रिम थांबते, टायर मात्र तिच्यावरून थोडा पुढे सरकतो. आतली ट्यूब टायरबरोबर सरकते, पण ट्यूबचा व्हॉल्व्ह रिमच्या भोकात अडकलेला असतो. तो तिरका होतो, आणि कधीतरी मुळातून तुटतो. मग हवा खलास, एका क्षणात.

शेवटी मधला मार्ग निघाला. कॅप्टनना हवे होते त्याहून एक नंबर लहान टायर आले, आणि काकांनी अट घातली की चाकांना त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. गाला नावाच्या भागात आमचं वर्कशॉप होतं, तिथे त्यांनी स्वतः ते बसवले. ट्यूबला पावडर फासताना त्यांची बोटं अशी फिरायची की तान्ह्या बाळाला न्हाऊ घातल्यावर आजी पावडर लावतेय असं वाटावं. मग बारीक ब्रश घेऊन त्यांनी दोन्ही चाकांवर रिमपासून टायरपर्यंत एक तांबडी रेघ ओढली.

"ही रेघ तुटली काय समजायचा, टायर सरकलो," ते मला म्हणाले. "चाक उघडल्याशिवाय विमान सोडायचा नाय. आणि चाक धुताना आधी बघूचा, मगे पुसूचा. इसरू नको."

त्यानंतर विमान परत आलं की काका पहिल्यांदा चाकांपाशी जाऊन उकिडवे बसायचे. सकाळी, ऊन चढायच्या आत, टायर थंड असतानाच हवा मोजायचे. ऊन चढलं की आकडा खोटा होतो, म्हणायचे. दुपारी चाकांवर जुन्या चादरी टाकायचे, उन्हाने रबर चिरू नये म्हणून. मी कधी पाय लावून टायर दाबला तर अंगावर यायचे.

"कित्याक लाथ मारतंस? बैल आसा काय तो?"

मी हसायचो. माझ्यासारखा माणूस दुसऱ्या कुणाकडून असं ऐकून घेत नाही. काकांकडून घ्यायचो, कारण मी ओमानला आलो तेव्हा पहिल्यांदा भाताचं ताट त्यांनीच माझ्यापुढे ठेवलं होतं.

दसऱ्याला आम्ही विमानाची पूजा करायचो. अर्बाब, म्हणजे आमचा ओमानी मालक, दर वर्षी कौतुकाने यायचा, पेढा खायचा आणि "यल्ला, आता कामाला लागा" म्हणून जायचा. मंत्रबिंत्र कुणाला येत नव्हते. रुवीच्या बाजारातून झेंडू आणायचे, विमान धुवायचं, नारळ वाढवायचा, चाकांखाली लिंबं ठेवायची. चाकं धुवायचा मान काकांचा. गावाकडे दसऱ्याला नांगर, कोयते धुऊन त्यांना हळदकुंकू लावतात तसं ते चाकांचं करायचे. जुनी रेघ रॉकेलच्या फडक्याने पुसून नवीन, ताजी रेघ ओढायचे. देवाच्या मूर्तीचे डोळे रंगवावेत तशी.

त्या दसऱ्याला माझ्या मुलीला शाळेत काहीतरी चित्र काढायचं होतं. ती अल् घुब्राच्या शाळेत शिकायची, तिचं मराठी अडखळत चालायचं. "बाबा, वॉश करायच्या आधी एक फोटो आणि पूजेनंतर एक, असे दोन पाठवा ना," म्हणाली. म्हणून मी सकाळी शेडवर पोचल्या पोचल्या डाव्या चाकाचा जवळून फोटो काढला. धुळीने माखलेलं, गरीब दिसत होतं बिचारं.

पूजा झाली. कॅप्टन लिंबं चिरडून निघाले, एकटेच, मागे कॅम्पचं सामान. आवाज दूर जाईपर्यंत काका हात जोडून उभे होते. मग मी पेढ्याचा तुकडा तोंडात टाकून मुलीला फोटो पाठवायला बसलो.

पहिला फोटो उघडला आणि तो मोठा करून बघितला.

धुळीखालून तांबडी रेघ दिसत होती. रिमवर एकीकडे, टायरवर दुसरीकडे. मध्ये बोटभर फट. दुसऱ्या फोटोत तीच जागा, झेंडूची माळ, आणि नवीकोरी सरळ रेघ.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. काकांनी बघितलं नसेल असं होणारच नाही. मी धावत गेलो, फोन त्यांच्या हातात दिला. "काका, हा सकाळचा फोटो. रेघ बघा."

त्यांनी फोन लांब धरला, मग जवळ आणला. म्हणाले, "सरळ तर आसा मा? काय झाला?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. ते फोनकडे बघतच नव्हते. फोन जिकडे असेल असं वाटत होतं तिकडे बघत होते.

पुढचं मला तुकड्यातुकड्याने आठवतं. विमान आमच्या रेडिओच्या टप्प्याबाहेर गेलं होतं, म्हणून मी कॅम्पच्या सॅटेलाइट फोनवर लावत होतो आणि तो लागत नव्हता. मी शिव्या देत होतो, कुणाला ते माहीत नाही. लागला तेव्हा मी तिथल्या मलयाळी सुपरवायझरला हिंदीत ओरडून सांगितलं की वॉकीटॉकी घेऊन पट्टीवर जा, विमान जवळ आलं की कॅप्टनना सांग. डाव्या चाकावर भरवसा नको. उजव्या चाकावर उतरा, डावं शक्य तितकं उशिरा टेका. आणि काही झालं तरी ब्रेकला पाय लावू नका.

"ब्रेक के बिना?" तो म्हणाला. "आगे वाडी है, भाई."

"माहीत आहे रे बाबा!" मी मराठीतच ओरडलो. ब्रेक मारला तर व्हॉल्व्ह तुटणार, विमान गर्रकन फिरून उलटणार. नाही मारला तर वाडी. परतीचं इंधन कॅम्पवरच भरायचं, म्हणजे मागे फिरणंही नाही. मरणं दोन, निवडायचं कॅप्टननी.

मग करण्यासारखं काहीच उरलं नाही. काका चिरडलेल्या लिंबांपाशी खाली बसले. मी त्यांच्याशेजारी. मला त्यांचा राग आला होता, सांगून टाकतो. असा राग की समोर दुसरा कुणी असता तर मी त्याची गचांडी धरली असती. पण ते चिरडलेली लिंबं चाचपून चाचपून एकेक गोळा करत होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून. मागच्या," ते म्हणाले. "साखर वाढली. मधोमध काळा दिसता, हवेचो काटोय दिसणा नाय. कडेन दिसता थोडा. हातांक सगळा कळता, म्हणान वाटला चालात."

"मला सांगायचं होतंत."

"तुका सांगितला असता तर तू माका चाकाक हात लावूक दिलो असतोस?"

नसताच दिला.

फोन वाजला तेव्हा दोघेही उठलो. सुपरवायझर धापा टाकत होता. कॅप्टननी ऐकलं होतं. उजव्या चाकावर उतरले, ब्रेक न लावता पट्टी संपत आणली, शेवटी डावं चाक टेकलं ते एका खळग्यात, आणि व्हॉल्व्ह तुटलाच. पण तोवर वेग कमी झाला होता. विमान फिरलं, पंखाचं टोक घासलं, आणि शेपूट वाडीकडे करून थांबलं. "कॅप्टन साब ठीक है. कलाई टूटी है."

काकांनी विचारलं, "जिवंत आसत मा?"

"आहेत."

ते पुन्हा खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडलो. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

कॅप्टन दुसऱ्या दिवशी गाडीने परत आले, हात गळ्यात बांधलेला. काका शेडच्या दारातच उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, देवळात जावं तसे. कॅप्टन जवळ आले तेव्हा म्हणाले, "सायबानु, चूक माझी. माका दिसणा नाय. मी रेघ न बघताच पुसलंय."

दोघांत आजवर टायरवरून इतकी भांडणं झाली होती, की मला वाटलं, आता कॅप्टन हिशेब चुकता करणार. त्यांनी टोपी काढून काखेत धरली. मग म्हणाले, "काका, हवा मी सोडली होती. मागच्या फेरीला. पट्टी मऊ वाटली, म्हणून कॅम्पवरच्या लँडक्रूझरवाल्यांसारखी सोडली. इकडे प्रत्येक ड्रायव्हर वाळूत तेच करतो, मलाही सुचलं. परत आल्यावर तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही ओरडाल म्हणून."

काका म्हणाले, "ओरडलंच असतंय."

कॅप्टननी चांगल्या हाताने त्यांचा दंड धरला आणि दोघे आत जाऊन बसले. मी चहा ठेवला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं ते आम्हाला ऐकायचं नव्हतं. पडदे साखरेने खाल्लेले. राहिलंय ते टिकवता आलं तर टिकवू, गेलेलं येणार नाही. काका गावी निघाले. जायच्या आदल्या दिवशी नव्या ट्यूबला पावडर त्यांनीच फासली, टायर त्यांनीच चढवला. आम्ही कुणी बघायला गेलो तर म्हणाले, "डोळे मिटूनच करतंय, काय बघतास?" मग ब्रश माझ्या हातात ठेवला. रेघ मी ओढली. ओढून झाल्यावर त्यांनी अंगठ्याने ती चाचपली, ओला रंग अंगठ्याला लागला. तसाच अंगठा घेऊन ते दुसऱ्या दिवशी विमानतळावर गेले.

पुढच्या दसऱ्याला मी पहाटेच शेडवर गेलो. चाकं मळलेली होती. मी फडकं बादलीत टाकलं आणि तसंच सोडलं. दोन्ही चाकांचे जवळून फोटो काढले आणि काकांच्या गावच्या नंबरवर पाठवले. मग फोन केला.

काकूंनी उचलला. मागून काकांचा आवाज आला. "फोटो इलो काय गो? डावा चाक आधी बघ. मोठा करून बघ. रेघ अखंड आसा काय?"

काकूंना वेळ लागला. त्यांना असले फोटो मोठे करायची सवय नव्हती. मी फोन कानाला लावून थांबलो. कॅप्टन टोपी हातात घेऊन बाजूला थांबले होते.

"होय," काकू म्हणाल्या. "अखंड आसा."

"आता उजवा," काका म्हणाले.

"तो पण."

मग काका फोनवर आले आणि मला म्हणाले, "आता पूस."