वाईट जाळा, भावजी

आमच्या वहिनींचे दोन्ही हात कोपरापर्यंत निळे आहेत. कापड रंगवायच्या कारखान्यात त्या बावीस वर्षं रंगाच्या हौदावर उभ्या आहेत, आणि हातमोजे घातले की रंग कळत नाही म्हणतात. त्याच कारखान्याचा बॉयलर मी सांभाळतो. तुमच्या घरात हुशार कोण, असं कुणी विचारलं तर पूर्वी मी मिशीवरून हात फिरवायचो. आता वहिनींकडे बोट दाखवतो. का, ते सांगतो.

आधी बॉयलरचं ऐका, कारण घोडं तिथेच पेंड खात होतं. आमच्याकडे भुईमुगाची टरफलं जाळतात. तेलाच्या गिरणीतून पोती येतात. टरफल जाळणं म्हणजे काय मोठं, असं वाटतं ना? हवा जरा कमी पडू द्या, निम्मं कच्चं राहतं आणि राखेत काळे तुकडे दिसतात. माझ्या राखेत काळा तुकडा शोधून सापडत नाही. पिठासारखी राख. तीस वर्षं माझं नाक वर आहे ते त्या राखेच्या जोरावर.

तर एक दिवस पाणी तपासणाऱ्या अधिकारीबाई आल्या. आमच्या गटारात त्यांनी पांढरा कप बुडवला, तो जांभळा भरून निघाला. बाईंनी आवाजही चढवला नाही. म्हणाल्या, "तीस दिवस देते. रंग गेला नाही तर कारखान्याला सील." मालक पाणी साफ करायच्या यंत्राची चौकशी करायला गेले आणि तोंड एवढंसं करून परत आले. ते यंत्र आपल्या आवाक्यातलं नाही म्हणाले. चाळीस घरं त्या कारखान्यावर जेवतात, आणि आमच्या घरातले तर दोघं तिथेच.

सगळे नशिबाला बोल लावत बसले होते, वहिनी जमिनीकडे बघत फिरत होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी मला बॉयलरमागे बोलावलं. तिथे गटार फुटून रंगाचं पाणी राखेच्या ढिगाखालून वाहत होतं. ढिगाच्या एका बाजूनं ते जांभळंच बाहेर पडत होतं, दुसऱ्या बाजूनं मात्र चांगलंच फिकं.

"ही फिक्या बाजूची राख कुणाची?" वहिनींनी विचारलं.

मी पायानं उकरलं. काळे तुकडेच तुकडे. "माझी नाही," मी तडकून म्हणालो. "मी पाठ धरून आठवडाभर घरी पडलो होतो ना, तेव्हा बदली माणूस आला होता. त्याचे हे दिवे."

"मग भावजी, तुम्ही पण तसंच करा," वहिनी म्हणाल्या. "वाईट जाळा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गवयाला बेसूर गा म्हणण्यातला हा प्रकार. तीन दिवस मी वहिनींशी बोललो नाही. त्या वाढायच्या, मी ताटाशी बोलायचो. शेवटी दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, शिवणयंत्रावरून मान वर करून म्हणाला, "तिला काही दिसलंय म्हणजे दिसलंय. तू उगाच दिवस घालवू नकोस." दादा शिंपी आहे, दिवसाला पाच-सहा वाक्यं बोलतो. त्यातली दोन माझ्यावर खर्च केली म्हटल्यावर मी उठलो.

झाकणाच्या लोखंडी पिंपात टरफलं ठासली, धूर निघायला एक भोक ठेवलं आणि पिंप भट्टीत ढकललं. आत हवाच नाही, जळणार काय कपाळ. थंड झाल्यावर उघडलं तर काळा कुळकुळीत कोळसा. माझ्या हातचा. कुणी बघत नाही ना, असं मी आधी मागे वळून पाहिलं.

दादानं जाड कापडाच्या पिशव्या शिवून दिल्या. कोळसा त्यात भरून पिशव्या एका उभ्या पिंपात रचल्या आणि वरून रंगाचं पाणी सोडलं. खालून काय आलं? काळं पाणी. जांभळं गेलं आणि शाई आली. सगळं खातं पोट धरून हसलं. वहिनी म्हणाल्या, "हसा. कोरं कापड आधी धुता की नाही? मग कोरा कोळसा पण धुवायचा." धुऊन धुऊन त्यांनी त्याची काजळी काढली. मग पाणी खरंच फिकं आलं, पण दुपारपर्यंत पुन्हा जांभळं. असे पंधरा दिवस गेले.

मग वहिनी सरळ अधिकारीबाईंच्या कचेरीत निघाल्या. "आपण होऊन वाघाच्या तोंडात कुठे जाताय?" मी म्हणालो. त्या गेल्याच. बाईंनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की नुसता कोळसा पुरत नाही. तो लालभडक तापवून त्यातून वाफ सोडली की त्याला आतून बारीक बारीक भोकं पडतात, आणि रंग त्या भोकांत जाऊन चिकटतो.

मला हसू आलं. "वहिनी, निखाऱ्यावर वाफ सोडली तर तो विझेल."

"तुमच्या भट्टीत विझेल?" त्या म्हणाल्या.

माझ्या भट्टीत काही विझत नाही. बॉयलरवरून बोटभर जाडीची नळी काढली, भट्टीतलं कोळशाचं पिंप लाल केलं आणि त्यात दोन तास वाफ सोडली. दहा घमेली कोळशाची सहाच उरली. मी चुकचुकलो. पण त्या सहा घमेल्यांनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाणी काचेसारखं दिलं. मग पाणी गाळायची एकाची दोन पिंपं केली.

मुदतीला एक दिवस उरला होता. मी खुशीत होतो. वहिनींनी मात्र दादाकडची पांढऱ्या कापडाची पट्टी आणली आणि त्या स्वच्छ पाण्यात उकळायला टाकली. हौदात रंग उरलाय का, हे रंगारी असंच बघतात. डोळा फसतो, कापड फसत नाही. पट्टी बाहेर आली ती किंचित, अगदी किंचित गुलाबी.

"वहिनी, झाकली मूठ राहू द्या," मी म्हणालो. "बाई काय कापड उकळणार आहेत?"

"मला दिसली ना," त्या म्हणाल्या आणि तिसऱ्या पिंपासाठी टरफलं आणायला गेल्या. त्या दिवशी भट्टी मी जेवायलाही सोडली नाही.

सकाळी बाई आल्या. पिशवीत लाख आणि शिक्का होता, मी पाहिला. तिसऱ्या पिंपाखाली त्यांनी पांढरा कप धरला, उजेडात नेला, फिरवून पाहिला. "रंग दिसत नाही," त्या म्हणाल्या. मालकांनी हात जोडले. माझा जीव भांड्यात पडला. झालं होतं सगळं.

आणि वहिनी म्हणाल्या, "बाई, नुसत्या डोळ्यावर जाऊ नका. मला दहा मिनिटं द्या."

मनात मी त्यांना काय काय म्हणालो, ते इथे सांगत नाही. स्टोव्हवर तेच पाणी उकळत होतं, त्यात पट्टी होती, आणि चाळीस माणसं एका चिंधीकडे बघत होती. नवं पिंप आम्ही नीट तपासलंही नव्हतं. मालक मटकन पोत्यावर बसले. वहिनींनी चिमट्यानं पट्टी उचलली आणि आपल्या निळ्या तळहातावर पसरली.

पांढरी होती. दादानं कापली तशी.

बाईंनी लाख आणि शिक्का पिशवीत खाली सारला. नमुन्याची बाटली भरून घेतली आणि पट्टीही मागून घेतली. "कोळसा कुणी केला?" त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "आमच्या भावजींनी. त्यांच्यासारखं वाईट जाळणारं माणूस सापडायचं नाही." उभा कारखाना हसला. मीही हसलो, पण मला समोरचं नीट दिसेना. आठवड्यानं प्रयोगशाळेचा कागद आला: रंग नाही, आता रंग बसवायला हौदात घालता त्या मिठाचं बघा. त्यावर सध्या वहिनींचं डोकं चाललंय.

त्या दिवशी बाई गेल्यावर मी वहिनींवर उखडलो होतो. "पास झालो होतो ना आपण? गुलाबी निघाली असती तर?"

"तर सील लागलं असतं," त्या म्हणाल्या. "भावजी, बावीस वर्षं ते पाणी मी या हातांनी सोडलंय. ते कुठवर जातं, कोण भरतं, मला ठाऊक आहे. ते खरंच स्वच्छ झालं की नाही, मला दिसायला हवं होतं."

तेव्हापासून दर शनिवारी पट्टी मीच उकळतो. पांढरी निघाली की हौदापाशी जाऊन वहिनींना दाखवतो, मग जेवायला बसतो.